मल्लीच्या जागी कारवी

६ एप्रिल, रविवार. सकाळ.

कमलाक्षी गेली. म्हणजे त्रिचीला गेली, हरिताकडे. लेकीचं दुसरं बाळंतपण, आईने जायलाच हवं. चार महिने तरी येत नाही. मी दुःखी आहे. सकाळी कॉफीचं डिकाशन स्वतः काढावं लागलं तेव्हा विशेष.

जाताना सूचना. गॅस बघा, दूध बघा, आणि विहिरीजवळची मल्ली (पुस्तकी मराठीत मोगरा) बघा. संध्याकाळी पाणी घाला, ऊन उतरलं की कळ्या काढा, देवाला ठेवा, उरलेल्या शेजारच्या जयलक्ष्मीला द्या. तीनदा सांगितलं. ऑटोत बसल्यावर परत एकदा. लग्नाच्या वर्षी पापनाशमच्या माहेराहून तिने ते रोप ओल्या फडक्यात गुंडाळून आणलं होतं. ते माहेर आता नाही. घर विकलं, तिथे कल्याणमंडप झाला. तेव्हापासून त्या झुडपाशी माझ्यापेक्षा जास्त बोलते. मी बत्तीस वर्षं पाटबंधारे खात्यात काढली. कावेरीच्या अख्ख्या डेल्टाला पाणी सोडलं. मला पाणी घालायला शिकवते!

आजपासून रोजनिशी. आजोबांनी छडी मारून शिकवलेली बाळबोध अक्षरं कामाला आली. घरातले बाकीचे मराठी बोलतात, वाचतात मात्र तमिळ. त्यामुळे मनातलं खुशाल लिहावं, कोणाच्या बापाला कळत नाही.

संकल्प. २८ ऑगस्टला माझी भीमरथशांती. सत्तरी! नवराबायकोने पाटावर शेजारी शेजारी बसायचं, कलशाचं पाणी डोक्यावर घ्यायचं, पुन्हा एकमेकांना माळा घालायच्या. दोनशे माणूस येईल. तोवर घरापुढे अशी बाग उभी करतो की बघणाऱ्याने... वाक्य उद्या पुरं करतो. भांडी पडलीत.

८ एप्रिल.

यूट्यूबवर अभ्यास. शब्द सापडला: पेरेनियल. एकदा लावा, वर्षानुवर्षं फुलं. दर सीझनला रोपं आणा, बी टाका, ही गावंढळ पद्धत. आपण शास्त्रीय जायचं.

हा शब्द कॉलनीत कोणाला ठाऊक नाही म्हणून अनिरुद्धरावांना सांगितला. शेजारी. जयलक्ष्मीचे यजमान, निवृत्त हेडमास्तर, आपल्यातलेच तंजावुरी मराठी, पण आवाज अजून शाळेचा. ते म्हणाले, म्हणजे बायकोसारखं की, एकदा आणली की झालं. मी हसलो. मग वाटलं त्यांच्या विनोदाला हसायला नको होतं.

गेल्या वर्षी त्यांची भीमरथशांती झाली. माळा घरच्या फुलांच्या होत्या. लोक अजून बोलतात. माझ्या तर लक्षातही नाही. जास्वंदीचा लाल रंग फारच भडक होता, एवढंच आठवतं.

११ एप्रिल. दुपार.

लॅपटॉपवर तक्ता केला. बारा महिने, बारा रंग. असा एकही दिवस नाही की बाग रिकामी. तक्ता इतका सुंदर झाला की प्रत्यक्ष बाग केली नाही तरी चालेल असं क्षणभर वाटलं.

निवड: उटीहून हायड्रेंजिया. निळ्या फुलांचे गड्डे, बशीएवढे. शिवाय लॅव्हेंडर. सुवास, आणि डास जातात.

हरिताचा फोन आला तेव्हा तिला सांगितलं. ती म्हणाली, अप्पा, तंजावुरात चाळीस डिग्री आहे, लॅव्हेंडर कुठे जगेल? मी म्हटलं, हिरवी जाळी लावणार. ती म्हणाली, पेरेनियलच पाहिजे तर अम्माची मल्ली आहेच ना, ती आणि काय आहे? मुलीला इंग्रजी आलं म्हणजे शास्त्र आलं असं नाही. नववा महिना आहे म्हणून बोललो नाही.

१५ एप्रिल.

आज आयुष्य बदललं.

आपल्या मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणीतरी फोटो टाकला. डोंगरच्या डोंगर जांभळानिळा. जणू निळीची पुडी सांडली. खाली लिहिलं होतं: आपल्या सह्याद्रीची कारवी. अंगावर काटा आला. साडेतीनशे वर्षांपूर्वी आमचे पूर्वज तो डोंगर सोडून इथे आले, आणि आम्ही काय लावून बसलो? मल्ली! कनकांबरम! ही तर बाजारात मिळणारी फुलं. रक्त बोलतं ते असं.

महाराष्ट्र मी एकदाच पाहिला, बसच्या यात्रेत. त्यातलाही बराचसा लॉजच्या संडासातून, कारण पहिल्याच दिवशी मिसळ खाल्ली. तरी ओढ ती ओढच.

शोधलं. कारवी पेरेनियल आहे! तसं इंग्रजीत स्पष्ट लिहिलंय. पुढे बरंच होतं, चष्मा सापडला नाही.

१७ एप्रिल. सकाळी अकरा.

पुण्याच्या एका नर्सरीला फोन लावला. फोनवर तरुण बाई. मी आपल्या घरच्या मराठीत बोललो. तिने तीनदा विचारलं की काका, ही कुठली भाषा. मग म्हणाली, किती गोड, आमच्या पोथीतल्यासारखं बोलता तुम्ही, आणि मागे कोणाला तरी बोलावून मला परत बोलायला लावलं. पुण्यात आपल्या भाषेला अजून मान आहे. दोघंतिघं हसतही होती. आनंद झाला असणार.

तिने विचारलं, तुमच्याकडे डोंगरउतार आहे का. म्हटलं, डोंगर नाही, पण देऊळ डोंगराएवढं आहे. ती म्हणाली, आणि काका, फुलायचं म्हणाल तर कारवी... मी मध्येच विचारलं, बहुवार्षिक आहे ना? आहे, पण... म्हटलं, पण नको, ऑर्डर लिहून घ्या. खात्यात मी बत्तीस वर्षं याच पद्धतीने निर्णय घेतले.

२१ एप्रिल.

अडचण. कारवीला जागा कुठली? पुढे जाळीखाली हायड्रेंजिया. कुंपणाशी लॅव्हेंडर. पूर्वेचं ऊन, विहिरीची ओल, चांगली माती, असा एकच कोपरा उरतो. तिथे मल्ली आहे.

निःपक्षपातीपणे पाहिलं. बुंधा म्हाताऱ्याच्या गुडघ्यासारखा. रंग एकच, पांढरा. तक्त्यात पांढऱ्याला जागाच नाही. कळ्या मात्र सध्या भरपूर, पण सीझन आहे, त्यात झाडाचं कर्तृत्व काय?

संध्याकाळी कमलाक्षीचा फोन. मल्ली कशी आहे? मग, तुम्ही कसे आहात? माझा नंबर दुसरा. मी म्हटलं, छान आहे. खोटं नाही. आज छानच होती.

२३ एप्रिल. संध्याकाळ.

काम फत्ते.

जयलक्ष्मी कळ्या न्यायला आली तेव्हा मी कुदळ घेऊन उभा. ती म्हणाली, ऐन कळीत आलेलं झाड तोडतात का, कमलाक्षी येऊ दे, तिला विचारा. मी म्हटलं, विचारलं तर सरप्राइज कसलं? अनिरुद्धराव भिंतीवरून डोकं काढून म्हणाले, वादिराजराव, शेजारी म्हणून सांगतो, करू नका. हेवा. दुसरं काय?

मूळ भलतंच खोल. कुदळीचा दांडा मोडला. मग कोयत्याने घाव घातले. हट्टी झाड. ज्याचं झाड त्याच्यासारखं. खाली एक गड्डा राहिलाच, त्याच्यावर माती लोटली. कमरेत उसण भरली आहे, उभं राहून लिहितोय.

जयलक्ष्मीने पडलेल्या फांद्यांवरच्या कळ्या खुडून पदरात घेतल्या. दोनतीन काटक्यासुद्धा घेऊन गेली. चुलीला असतील. त्यांच्याकडे गॅस आहे, तरी काटक्या कशाला की.

राहिलेल्या कळ्या ढिगाऱ्यावरच उमलल्या. वास घरभर. डोकं दुखायला लागलं, खिडकी लावून घेतली.

२ मे.

माल आला! हायड्रेंजिया प्रवासाने थोडा दमलेला. लॅव्हेंडर थोडा जास्त दमलेला. कारवीची पाच रोपं, पुण्याच्या मराठी वर्तमानपत्रात गुंडाळलेली. आधी वर्तमानपत्र वाचलं. मग हळदकुंकू वाहून रोपं लावली. डोळ्यांत पाणी आलं. साडेतीनशे वर्षांनी सह्याद्री माझ्या दारात!

अनिरुद्धरावांनी विचारलं, ह्या काड्या कसल्या? म्हटलं, ऑगस्टात बघा.

५ मे.

हरिता बाळंत. मुलगी. दोघी ठीक. लॅव्हेंडरची पानं तपकिरी.

कत्तिरीचे दिवस लागले, उन्हाळ्याचा कळस. रस्त्यावर डांबर चपलेला चिकटतं. मी जाळी दुप्पट केली, आता झाडांना ऊन नाही आणि वाराही नाही. कमलाक्षी म्हणाली, बाळाला बघायला या, त्रिची काय, तासाभराची बस. म्हटलं, लॅव्हेंडर सीरियस आहे.

९ मे.

कारवीच्या बुंध्याशी कसला तरी रानटी फुटवा. उपटला.

१६ मे, शुक्रवार.

आज बाळाचं बारसं. दिव्यश्री नाव ठेवलं. मला फोनवर कळलं. कमलाक्षीने काल दोनदा सांगितलं होतं, बारशाला तरी या, आजोबांनी कानात नाव सांगायला नको? पण झाडं कोणाच्या जिवावर टाकायची? शेवटी जावई प्रद्युम्नच्या वडिलांनी सांगितलं म्हणे कानात. सांगोत. लहान मुलांना कुठे कळतं कोण बोललं.

हायड्रेंजिया आज सकाळी गेला. लॅव्हेंडर काल. म्हणजे बारशाला गेलो असतो तरी चाललं असतं, हे दुपारी लक्षात आलं. चूक माझी नाही. उटीवाल्याने थंडीतली झाडं उष्ण प्रदेशात पाठवावीतच का? जबाबदारी नावाची गोष्ट राहिली नाही.

अनिरुद्धराव आणि जयलक्ष्मी जाऊन आले! माझ्या नातीच्या बारशाला! येताना माझ्यासाठी सोजीच्या पोळ्या आणल्या, कमलाक्षीने दिलेल्या. डब्यावर तमिळमध्ये माझं नाव, खाली लिहिलेलं, जास्त खाऊ नका. जयलक्ष्मीला विचारलं, मल्लीचं काही बोललात का? ती म्हणाली, मी कशाला बोलू, ते तुमच्या तोंडाने सांगा, धाडस असेल तर. धाडस कसलं? आनंदाची बातमी आहे. सगळ्या पोळ्या खाल्ल्या.

२७ मे.

तोच फुटवा परत. हिरवागार, तुकतुकीत. पानं ओळखीची वाटली. तण सगळं ओळखीचंच दिसतं. उपटून त्यावर कढतं पाणी ओतलं.

कारवीला नवीन पान नाही. पण जुनं एक अजून आहे. मुळं आधी खाली जात असणार.

१२ जून.

आज मेट्टूरचं धरण उघडलं. खात्यात होतो तेव्हा या दिवशी शर्टाला इस्त्री करून जायचो. आठवण म्हणून कारवीलाही मनसोक्त पाणी सोडलं. विहिरीला पंप लावला आणि आत जाऊन टीव्हीवर धरण बघत बसलो. बाहेर आलो तेव्हा कोपऱ्याचं शेत झालं होतं. भातलावणी करता आली असती.

१९ जून.

तीन कारव्या कुजल्या. उरल्या दोन. पाच लावण्यामागे हाच विचार होता, अशक्त आपोआप बाहेर पडतात. सिलेक्शन.

अनिरुद्धराव म्हणाले, तुम्ही डेल्टाला पाणी सोडायचात ना, मग डेल्टा वाचला कसा? हेडमास्तर होता तेव्हा मुलांनी काय भोगलं असेल, कल्पना करवत नाही.

२९ जून.

फुटवा तिसऱ्यांदा. आता चांगला वीतभर, आणि टोकाला तीन बारीक कळ्या.

जयलक्ष्मी भिंतीपलीकडून म्हणाली, अहो, ती मल्ली आहे, मुळातून येतेय बिचारी, एवढं मारूनही येतेय, राहू द्या आता, कमलाक्षी आली की निदान एवढं तरी दिसेल. डोळे पुसत होती. बायकांना झाडाचंही रडू येतं.

मला संशय होताच की मल्ली आहे. पण तत्त्वाचा प्रश्न. कोपरा कारवीला दिला आहे. एकदा सँक्शन झालेली जागा परत घेता येत नाही, नाहीतर प्रशासन कोलमडतं. दोन्ही झाडं एका जागी लावली की दोन्ही जातात, हे तर शेंबडं पोरही सांगेल.

३० जून.

शेतीऔषधांच्या दुकानातून तणनाशक आणलं. दुकानदार म्हणाला, पानातून थेट मुळात उतरतं, पुन्हा डोकं वर काढणार नाही, गॅरंटी. जुना दाढीचा ब्रश घेतला आणि एकेका पानाला हाताने लावलं. कारवीवर एक थेंब उडू दिला नाही. एवढ्या नाजूक हाताने मी आयुष्यात काही केलं नसेल.

८ जुलै.

फुटवा पिवळा, मग काळा, मग नाही. एक कारवीसुद्धा गेली, पण ती आधीपासूनच नाराज होती. आता एक. एकुलती एक. तिला चार पानं आहेत, चारही माझ्याकडे तोंड करून.

१३ जुलै.

भीमरथशांतीच्या पत्रिका छापून आल्या. खाली मी खास ओळ घातली: भोजनोत्तर उद्यानदर्शन. अनिरुद्धरावांना पहिली पत्रिका दिली. त्यांनी ती ओळ वाचून चष्मा काढला, पुसला, परत वाचली. जळतात.

कमलाक्षी फोनवर म्हणाली, जेवणाचं तुम्ही बघा, साड्यांचं हरिता बघेल, मला एकच गोष्ट हवी. तुमच्या गळ्यात मी घालीन ती माळ विकतची नको. माझ्या आईच्या झाडाची. सीझन सरला असेल, फुलं थोडी असतील, पण थोडी चालतील, मध्ये तुळस घालून मी ओवीन. आई माझ्या लग्नात अशीच ओवत बसली होती म्हणे.

मी म्हटलं, तू ये तर खरी, बघशील काय बघायचं ते. ती हसली. खूप दिवसांनी तशी हसली. मलाही बरं वाटलं.

३ ऑगस्ट, रविवार. आडीपेरुक्कू. दुपार.

आले सगळे. प्रद्युम्नची गाडी, हरिता, बाळ, आणि कमलाक्षी. आज नदीवर बायकांची गर्दी, कावेरीला फुलं वाहायची. म्हणून मुद्दाम आजचा दिवस धरून आली. घरची मल्ली घेऊन नदीवर जायचं होतं. हातात वेताची परडी. पिशवी खाली ठेवली नाही, चप्पल काढली नाही, सरळ विहिरीकडे.

मी मागोमाग. म्हटलं, डोळे मीट, आता उघड.

तिने कारवीकडे बघितलंच नाही. जमिनीकडे बघत राहिली. मग खाली बसली आणि बोटाने माती उकरायला लागली. विचारलं, मुळातून काही फुटलं नाही का हो? मल्ली सहसा मरत नाही.

इथे मला माझे कष्ट सांगायची संधी मिळाली. म्हटलं, फुटलं नाही कसं? तीनदा फुटलं! कळ्यासुद्धा आल्या होत्या. पण मी राहू दिलं नाही. उपटलं, कढतं पाणी ओतलं, शेवटी औषध आणून ब्रशने एकेका पानाला लावलं. आता नावालाही नाही. हवं तर खणून बघ.

ती माझ्याकडे बघत राहिली. कौतुक असावं असं आधी वाटलं.

मग विचारलं, हे काय आहे? मी कारवीचं सगळं सांगितलं. सह्याद्री, पूर्वज, जांभळे डोंगर. हरिताने फोन काढला. वाटलं फोटो काढतेय, म्हणून जरा बाजूला झालो. ती काहीतरी वाचत होती. मग फोन आईपुढे धरला, दोघींनी मिळून वाचलं. कमलाक्षीने फोन परत दिला आणि पदराला हात पुसले.

संध्याकाळ.

स्वयंपाक केला तिने. माझं आवडतं मोरकुळंबू. वाढलं. स्वतः जेवली नाही. परडी रिकामीच होती, नदीवर गेली नाही. शेजारी जयलक्ष्मीकडे जाऊन आली ती हातात कुंडी घेऊन. त्यात मल्लीचं रोप, चार फांद्यांचं, चांगलं तरारलेलं. त्या दिवशीच्या काटक्या! चुलीला नव्हत्या तर. मी म्हटलं, बघ, सगळं सोपं झालं, ही पुढे ठेवू, जाळीखाली जागा रिकामी झालीच आहे.

ती म्हणाली, हे माझ्याबरोबर जाणार. आणि ओल्या फडक्यात कुंडी गुंडाळायला बसली. म्हटलं, कुठे जाणार? त्रिचीला. आज? आजच. अगं, आणि अठ्ठावीस तारीख? पत्रिका गेल्या, वाध्यार भटजी ठरले, पाटावर माझ्याशेजारी कोण बसणार?

गाडीत बसली. कुंडी मांडीवर, एका हाताने सांभाळलेली. बाळ हरिताकडे. काच खाली करून शांतपणे म्हणाली, तुमचं झाड फुललं की सांगा. फुलेल तेव्हा येते आणि बसते तुमच्याशेजारी. त्याच फुलांच्या माळा घालू.

हरिता दुसरीकडे बघत होती. बाळाला मी आज पहिल्यांदा पाहिलं आणि घ्यायचं राहून गेलं.

४ ऑगस्ट.

रात्रीच्या झोपेनंतर विचार केला. अट अगदी योग्य आहे. बायकांचा राग असतो, वाट मोकळी करून ठेवतात. आता प्रश्न फक्त एका झाडाला फुलवण्याचा. चोवीस दिवस आहेत. बत्तीस वर्षं सरकारी नोकरीत मी याहून कमी दिवसांत मंत्र्यांसाठी कालवा भरला आहे.

खत: शेण, शेंगदाण्याची पेंड, कॉफीचा चोथा, केळ्याच्या साली, आंबट ताक. यूट्यूबवरचे पाच जण पाच गोष्टी सांगतात, पाचही घातल्या.

७ ऑगस्ट. सकाळ.

कळी! पानाच्या बगलेत, हिरवी, फुगीर. हरिताला फोन लावला, उचलला नाही. कमलाक्षीला फोटो पाठवला. निळ्या दोन खुणा आल्या.

७ ऑगस्ट. दुपार.

कळी वरच्या पानावर गेली. अळी आहे. दोन पानं खाल्ली. उरली दोन.

१० ऑगस्ट.

पुण्याला फोन. त्याच बाई. आवाज ओळखला, अय्या, तंजावूरचे काका! मी म्हटलं, फुलं यायला साधारण किती दिवस धरायचे? ती विचारते, रोप किती मोठं झालं? सांगितलं. म्हणाली, मग काका, अजून सात वर्षं.

मी म्हटलं, सात आठवडे? ती म्हणाली, वर्षं. कारवी सात वर्षांनी एकदाच फुलते. इकडे लहान मुलालासुद्धा माहीत असतं. मी तेव्हाच सांगत होते, तुम्ही म्हणालात पण नको.

विचारलं, आणि एकदा फुलली की मग दर वर्षी? मग मरते, काका. फुलते आणि मरते.

म्हटलं, लवकर फुलवायचं काही औषध? ती हसली. मागची माणसंही हसली. मग तिला काय वाटलं कोण जाणे, हळूच म्हणाली, काका, घरी मोगरा लावा ना, तुमच्या हवेत छान येईल.

१० ऑगस्ट. संध्याकाळ.

हरिताने फोन उचलला. विचारलं, सात वर्षांचं अम्माला माहीत नसेल ना? ती म्हणाली, त्या दिवशी विहिरीपाशीच वाचलं, अप्पा, दोघींनी. म्हटलं, तरी तिने तसं म्हटलं? हरिता म्हणाली, वाचलं म्हणूनच म्हटलं.

मग म्हणाली, अप्पा, जेवलात का? म्हटलं, जेवलो. जेवलो नव्हतो.

२० ऑगस्ट.

वाध्यारांना विचारलं, एकट्याने शांती होते का. ते म्हणाले, होत नाही. शेजारी दर्भाची बाहुली वगैरे ठेवून? ते म्हणाले, बायको जिवंत आहे ना हो तुमची? म्हटलं, उत्तम आहे. मग तिला घेऊन या, म्हणाले.

सगळ्यांना मेसेज पाठवला: उद्यानाचं काम चालू असल्याने समारंभ पुढे ढकलला आहे. तारीख कळवू. अनिरुद्धरावांनी एक अंगठा पाठवला. काही बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

२८ ऑगस्ट, गुरुवार.

आज सत्तर.

ओरत्तनाडूहून चुलतभाऊ रघोजी बायकोला घेऊन आला. तो व्हॉट्सॲप बघत नाही. जरीचं धोतर नेसून आला होता. विचारलं, माणसं कुठे आहेत? म्हटलं, पुढे ढकललं. मग हॉटेलातून जेवण मागवलं, तिघांनी पानावर वाढून घेतलं. जेवण झाल्यावर तो पत्रिका काढून म्हणाला, इथे उद्यानदर्शन लिहिलंय. त्याला विहिरीपाशी नेलं. त्याने काडीकडे बघितलं, वर आभाळाकडे बघितलं, आणि विचारलं, मल्ली कुठे गेली रे? वहिनी दर वेळी आमच्या हिला गजरा द्यायची.

त्याच्या बायकोने केसांना हात लावून बघितला, मग खाली घेतला.

जयलक्ष्मीने पायसम पाठवलं. अनिरुद्धराव स्वतः घेऊन आले. बसले, पेपर वाचला, गेले. विनोद केला नाही.

दुपारी हरिताचा फोटो आला. त्रिचीची बाल्कनी. कुंडीला पहिली फुलं. मोजकी, पांढरी. कमलाक्षीने ती दोऱ्यात ओवून दिव्यश्रीच्या एवढ्याशा जावळात बांधली आहेत, पोर हसतंय. खाली हरिताने लिहिलंय, हॅपी बर्थडे अप्पा. कमलाक्षी फोटोत नाही. फक्त तिचा हात आहे, बाळाच्या मानेमागे.

हिशोब केला. सात वर्षांनी मी सत्त्याहत्तर, ती बहात्तर. मग ऐंशीचा सोहळा फार लांब नाही, दोन्ही एकत्र करता येतील. कारवीला पाणी घातलं. थोडंच घातलं. एक पान गळलं. एक आहे.

मग वाकून बुंध्याशी बघितलं. हल्ली रोज बघतो, माती जराशी सैल करून, सकाळी एकदा आणि ऊन उतरल्यावर एकदा. फुटवा नाही. काल नव्हता, परवा नव्हता. दुकानदार गॅरंटी म्हणाला होता. औषध खरंच चांगलं निघालं.